स्टोन रोझेस : एका ध्वनिमुद्रिकेचीं सहा वर्षें

मँचेस्टर हें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षितांच्या कानीं प्रथम पडलें तें कापडाच्या निमित्तानें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, मुंबई बंदरांतून जो कापूस विलायतेस गेला आणि ज्याच्या पैशानें मुंबईचें रूप पालटलें, तो मुख्यतः याच शहराच्या आसपासच्या गिरण्यांसाठीं होता. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मँचेस्टरची कळा पार बदलली. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, विटांचीं प्रचंड गुदामें ओस पडलीं. आणि १९८२ सालीं साऱ्या ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लक्षांवर गेली. ज्यांना काम नव्हतें अशा तरुणांजवळ वेळ मात्र भरपूर होता. त्यांपैकीं कित्येकांनीं हातीं गिटार घेतली. सरकारी बेकार-भत्त्यावर निर्वाह चालवावा आणि स्वस्त भाड्याच्या खोलींत दिवसभर सराव करावा, असा त्या पिढींतील अनेक वादकांचा क्रम होता. स्टोन रोझेस हा बँड याच परिस्थितींतून पुढें आला.

त्यापूर्वींची एक घटना ध्यानांत घेतल्यावांचून पुढील इतिहास नीट उमजणार नाहीं. त्या काळीं ध्वनिमुद्रिका काढावयाची म्हणजे लंडनच्या मोठ्या कंपन्यांचे उंबरठे झिजवावयाचे, अशी रीत होती. ती मोडण्याचें धाडस मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनें केलें. सुमारे पांचशें पौंड उसने घेऊन त्यांनीं १९७६ च्या डिसेंबरांत चार गाणीं मुद्रित केलीं आणि १९७७ च्या जानेवारींत त्यांच्या एक हजार तबकड्या स्वतःच बाजारांत आणल्या. त्या हां हां म्हणतां खपल्या. पाठोपाठ १९७८ सालीं शहरांत फॅक्टरी रेकॉर्ड्स ही स्वतंत्र संस्था उदयास आली. लंडनच्या आशीर्वादावांचून आपलें संगीत लोकांपर्यंत पोंचवितां येतें, ही गोष्ट मँचेस्टरच्या पोरासोरांनाही कळून चुकली. बझकॉक्सच्या त्या चार गाण्यांच्या मुद्रणाची सूत्रें ज्याच्या हातीं होतीं तो मार्टिन हॅनेट हा गृहस्थ प्रस्तुत कथेंत पुन्हां भेटणार आहे.

इयन ब्राउन आणि जॉन स्क्वायर हे दोघे मँचेस्टरच्या सीमेवरील टिंपर्ली या उपनगरांत वाढलेले. १९८० च्या सुमारास त्यांनीं 'द पॅट्रोल' नांवाचा एक बँड काढून पाहिला; तो टिकला नाहीं. १९८३ सालीं स्टोन रोझेस या नांवानें नवा डाव मांडण्यांत आला. ब्राउन गाई, स्क्वायर गिटार वाजवी. अँडी कझन्स दुसऱ्या गिटारवर आणि पीट गार्नर बेसवर होता. १९८४ सालीं ॲलन रेन, ज्यास सारे 'रेनी' म्हणत, हा ढोलवादक म्हणून येऊन मिळाला. त्याच वर्षीं २३ ऑक्टोबर रोजीं लंडनमध्यें त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. 'द हू' या प्रख्यात बँडचा पीट टाउनशेंड त्या रात्रीं तेथें होता. रेनीच्या हातावर तो इतका लुब्ध झाला कीं, आपल्या वादनास त्यानें त्यालाच साथीस घेतलें. नवख्या मंडळींस याहून मोठा शुभशकुन तो कोणता!

पुढील वर्ष धामधुमीचें गेलें. १९८५ सालीं हे तरुण स्वीडनचा दौरा करून आले. मँचेस्टरच्या सार्वजनिक इमारतींवर रंगानें बँडचें नांव फासलेलें दिसूं लागलें आणि नागरिक संतापले. रेल्वे-स्टेशनामागील एका गुदामांत त्यांनीं रात्रीं कार्यक्रम केला. 'सो यंग' ही पहिली छोटी तबकडी निघाली. तिचें मुद्रण हॅनेटनें केलें होतें. आणि त्याच्याच देखरेखीखालीं स्टॉकपोर्ट येथें दीर्घ ध्वनिमुद्रिकेचेंही काम झालें. म्हणजे स्थापनेनंतर अवघ्या दोन वर्षांत पहिल्या ध्वनिमुद्रिकेची सामग्री त्यांच्या हातीं आली होती.

आणि येथेंच या कथेला निराळें वळण लागलें. झालेलें मुद्रण बँडच्या मनास येईना. गाण्यांतील आवेश होता, पण त्याला आकार नव्हता. गिटारींच्या कल्लोळांत चाल हरवून जाई. अखेर त्यांनीं तें सारें काम बाजूस सारलें. ज्यांच्या खिशांत पैसा नाहीं, ज्यांच्यामागें मोठी संस्था नाहीं आणि ज्यांना गांवाबाहेर फारसें कोणी ओळखत नाहीं, अशांनीं हातचा घांस असा टाकून द्यावा, हें त्या वेळीं अविचाराचेंच वाटण्याजोगें होतें. वस्तुतः या बँडची वाट लांबली ती केवळ बंद दरवाजांमुळें नव्हे. तिचा मोठा भाग त्यांनीं स्वतःच्या निर्णयानें लांबविला.

त्यानंतरचीं दोन वर्षें कठीण गेलीं. १९८६ सालीं कझन्स बाहेर पडला; पुढील वर्षीं गार्नरनेंही निरोप घेतला. स्क्वायरनें मुलांच्या चित्रपटांसाठीं लहान लहान प्रतिकृति तयार करणाऱ्या कॉसग्रोव्ह हॉल या संस्थेंत कांहीं काळ नोकरी केली होती. १९८७ सालीं निघालेल्या 'सॅली सिनॅमन' या तबकडीनें फारशी खळबळ उडाली नाहीं. परंतु तींत बदल स्पष्ट ऐकूं येतो. आरडाओरड ओसरली आहे, चाल वर आली आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅरी माउनफील्ड, ऊर्फ 'मानी', हा बेसवादक आला, आणि रेनीच्या ढोलांना जोडीदार मिळाला. याच सुमारास फॅक्टरीच्या पैशावर १९८२ सालीं उघडलेल्या 'हॅसियेंडा' या नृत्यगृहांत अमेरिकेहून आलेलें यांत्रिक ठेक्याचें संगीत घुमूं लागलें होतें. १९८८ च्या उन्हाळ्यांत साऱ्या शहरास त्या नृत्याचें वेड लागलें. ब्राउन-स्क्वायरांच्या जुन्या धाटणीच्या चालींखालीं नव्या पिढीस नाचविणारा ठेका आला, तो या वातावरणांतून.

१९८८ सालीं सिल्व्हरटोन या कंपनीनें त्यांच्याशीं करार केला आणि मुद्रणाची जबाबदारी जॉन लेकी याजकडे आली. लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओंत तयार झालेला हा मुरब्बी तंत्रज्ञ. पुण्याच्या कोरेगांव पार्कांत ज्यांचा आश्रम होता त्या रजनीशांचा तो अनुयायी असून 'स्वामी आनंद नागरा' हें त्याचें संन्यासनाम १९८५ सालच्या एका ध्वनिमुद्रिकेवर छापलेलें आहे. लंडन आणि वेल्समधील स्टुडिओंत काम चाललें, आणि १९८९ च्या मे महिन्यांत 'द स्टोन रोझेस' ही अकरा गाण्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. वेष्टनावरील रंगांचे शिंतोडे खुद्द स्क्वायरच्या कुंचल्याचे. शेजारच्या लिंबाच्या चकत्या पॅरिसमधील १९६८ च्या विद्यार्थी-आंदोलनाची आठवण देतात. अश्रुधुरावर उतारा म्हणून तेथें लिंबें वापरलीं जात.

या चार वर्षांत काय साधलें, याचा पुरावाही उपलब्ध आहे. हॅनेटनें केलेलें तें टाकून दिलेलें मुद्रण १९९६ सालीं 'गॅरेज फ्लॉवर' या नांवानें बाहेर आलें. 'आय वॉना बी अडोअर्ड' आणि 'धिस इज द वन' हीं दोन गाणीं दोन्हींकडे आहेत. पूर्वींच्या मुद्रणांत गाण्याचा जोर आरंभापासूनच सारा उधळला जातो. १९८९ च्या पहिल्या गाण्यांत मात्र दूरच्या गडगडाटांतून प्रथम बेसचा स्वर उमटतो, मग गिटार येते, मग ढोल. आणि गायकाचा आवाज यावयास सुमारें दीड मिनिट लागतें. शब्द तेच, चाल तीच. गायकास आतां घाई उरलेली नाहीं, हाच काय तो फरक.

लोकांनींही प्रारंभीं घाई केली नाहीं. प्रकाशनाच्या वेळीं ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या खपाच्या यादींत ३२ व्या स्थानावरच थांबली. परंतु त्याच नोव्हेंबरांत 'फूल्स गोल्ड' हें त्यांचें नवें गाणें आठव्या स्थानीं पोंचलें, आणि २७ मे १९९० रोजीं स्पाइक आयलंड येथें त्यांना ऐकण्यास पंचवीस हजारांहून अधिक लोक जमले. २००४ सालीं 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रानें केलेल्या निवडींत तर सर्वश्रेष्ठ ब्रिटिश ध्वनिमुद्रिका म्हणून हिलाच पहिला मान मिळाला.

तरीही विलंबानें कला परिपक्व होतेच, असा सिद्धांत यांतून काढणें धाडसाचें होईल. सिल्व्हरटोनशीं झालेला करार इतका एकतर्फी होता कीं, त्यांतून सुटण्यासाठीं बँडला न्यायालयांत जावें लागलें. १९९१ सालीं त्यांच्या बाजूनें निकाल लागला. दुसरी ध्वनिमुद्रिका १९९४ च्या डिसेंबरांत आली, म्हणजे तिलाही साडेपांच वर्षें लागलीं. ती पहिलीची बरोबरी करूं शकली नाहीं, आणि १९९६ सालीं बँड मोडला. काळ दोन्ही वेळां जवळजवळ सारखाच गेला. पहिल्या खेपेस तो एका खोलींत, रोजच्या सरावांत, आपलेंच काम पुनःपुन्हां नापसंत करण्यांत गेला होता. दुसऱ्या खेपेस त्याचा मोठा वांटा वकिलांच्या कचेऱ्यांत आणि परस्परांपासून दूर राहण्यांत खर्ची पडला.