स्तंभालेखाची दोन घराणी

१८७१च्या शिरगणतीत कुंभकोणमची लोकसंख्या भरली ४४,४४४. दहा वर्षांनी ती ५०,०९८ झाली आणि १९०१ साली ५९,६२३. हे आकडे एकाखाली एक लिहिले तर गाव वाढते आहे एवढे कळते. आलेख कागदावर एक सेंटिमीटरला दहा हजार माणसे असे प्रमाण घेऊन स्तंभ उभे केले, की ती वाढ नजरेला दिसते. शेवटचा स्तंभ पहिल्याच्या सव्वापटीहून थोडा उंच भरतो. आता उभा अक्ष शून्याऐवजी चाळीस हजारांपासून सुरू करा. आकडे तेच, पण शेवटचा स्तंभ पहिल्याच्या चौपटीहून उंच होतो, आणि कावेरीकाठचे हे शांत देवळांचे गाव तीस वर्षांत फुगल्यासारखे वाटते.

सहावी-सातवीच्या मुलाला हे दहा मिनिटांचे काम. त्यामागे मात्र दोन वेगळी घराणी आहेत, एक चित्र काढणाऱ्यांचे आणि एक मोजणाऱ्यांचे. शाळेत पहिल्याची थोडीफार ओळख होते. दुसऱ्याची होतच नाही, आणि हे मला फार खटकते.

चित्राच्या घराण्याचा मूळपुरुष विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश गृहस्थ. वडील लवकर गेले, तेव्हा पुढे गणिताचा प्राध्यापक झालेल्या थोरल्या भावाने, जॉनने, त्याला शिकवले. रोजचे तापमान नुसते लिहून न ठेवता रेषेने दाखवायचे, ही सवय भावानेच लावली, असे विल्यमने कृतज्ञतेने नोंदवले आहे. पुढे तो जेम्स वॉटकडे आराखडे काढण्याच्या कामाला होता. १७८६ साली त्याने देशोदेशींच्या व्यापाराचा एक ॲटलास काढला. ॲटलास म्हणवणाऱ्या त्या पुस्तकात नकाशे नव्हते, ४४ आलेख होते. त्यांतले ४३ काळाबरोबर चढत-उतरत जाणाऱ्या रेषांचे. चव्वेचाळिसावा वेगळा होता, कारण तिथे प्लेफेअर अडला होता. स्कॉटलंडच्या व्यापाराचे त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते, १७८०च्या नाताळपासून १७८१च्या नाताळपर्यंतचे. एका वर्षाची रेषा काढणार कशी? मग त्याने सतरा ठिकाणांची नावे लिहिली आणि प्रत्येकासमोर दोन आडव्या पट्ट्या काढल्या, एक आयातीची, एक निर्यातीची. आपल्या पाठ्यपुस्तकात जोडस्तंभालेख साध्या स्तंभालेखानंतर येतो. जन्माच्या क्रमाने पाहिले तर व्यापाराच्या आकड्यांचा हा पहिला स्तंभालेख जोडस्तंभालेखच होता. प्लेफेअरला स्वतःला तो कमअस्सल वाटे, कारण त्यात काळ दिसत नव्हता. वृत्तालेखही त्याचाच, १८०१चा.

तिथून शाळेत यायला आलेखाला शंभर वर्षे लागली. जॉन पेरी या अभियंत्याने कामगारांना गणित शिकवताना चौकटीचा कागद हाती दिला आणि १९०१ साली ग्लासगोच्या विज्ञान परिषदेत, शाळांचे गणित बदला, असा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी, १९०२ साली, एच. एस. हॉल यांचे बीजगणितातल्या आलेखांवरचे छोटे क्रमिक पुस्तक आले. त्या काळात श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमच्या टाऊन हायस्कुलात शिकत होते. सुमारे बाराशे विद्यार्थी आणि पस्तीसएक शिक्षक यांचे वेळापत्रक बसवायचे किचकट काम गणिताचे शिक्षक या मुलावर सोपवत. रामानुजनांचे स्वतःचे गणित मात्र पाटीवर चाले. कागद परवडत नसे, म्हणून पाटीवर मांडायचे, कोपराने पुसायचे आणि उत्तर तेवढे वहीत उतरवायचे.

आता दुसरे घराणे. आपल्याकडे मोजणी नवी नाही. पेशवाईतल्या मोडी कागदांत खानेसुमारी सापडते. मद्रास इलाख्यात १८५१-५२पासून दर पाच वर्षांनी माणसे मोजली जात. १७ फेब्रुवारी १८८१च्या रात्री मात्र जवळजवळ सगळ्या देशाची एकाच वेळी मोजणी झाली. आधी घरांना क्रमांक द्यायचे, मग गणकाने घरोघर जाऊन रकाने भरायचे, आणि ठरल्या रात्री पुन्हा फिरून, कोण गेले, कोण आले, कोण जन्मले, हे दुरुस्त करायचे. त्यानंतर कचेरीत मोठ्या तक्त्यांवर माणसागणिक एकेक खूण. आपण वर्गात ताळ्याच्या खुणा म्हणून चार उभ्या रेघांवर पाचवी तिरपी मारतो, ते हेच काम. १९०१ साली बव्हेरियातली चिठ्ठ्यांची पद्धत आली: प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी, धर्मागणिक कागदाचा रंग वेगळा, चिठ्ठ्या खणांत वाटायच्या आणि मोजायच्या. कुंभकोणमच्या ५९,६२३ चिठ्ठ्यांत तेरा वर्षांच्या रामानुजनचीही एक असणार.

या घराण्याला आपला असा एक माणूस कुंभकोणमनेच दिला. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत रुजलेल्या देशस्थ कुळात १८२८ साली इथे जन्मलेले टी. माधवराव आपल्याला बडोद्याचे दिवाण म्हणून ठाऊक आहेत. त्याआधी ते त्रावणकोरचे दिवाण होते. तिथे त्यांनी मिरीची आणि तंबाखूची सरकारी मक्तेदारी उठवली आणि संस्थान कर्जमुक्त केले. बडोद्यात त्यांनी दरसाल कारभाराचा अहवाल छापला. महाराज मल्हारराव गायकवाडांच्या पदच्युतीनंतर विस्कटलेल्या संस्थानात आकडा आधी खरा करून घ्यावा लागतो, हे ओळखणारा हा गणिताचा विद्यार्थी होता.

ही दोन घराणी एकत्र आली की आलेखाचा खरा उपयोग होतो. कुंभकोणमचे १९११ आणि १९२१चे स्तंभ शेजारी काढा. पहिला साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास, दुसरा सहाच्या. गाव पहिल्यांदाच खाली आले. देशाची लोकसंख्याही त्याच एका दशकात घटली, मुख्यतः १९१८च्या इन्फ्लुएन्झाने. हा स्तंभ मुलांनी स्वतः काढला तर, गाव का आटले, हे ती आपण न सांगता विचारतील.

कधी चित्र मोजणीतली खोटही दाखवते. जुन्या शिरगणत्यांत वयाच्या एकेका वर्षाचे स्तंभ काढले तर वीस, पंचवीस, तीस, चाळीस या वयांवर सुळके उभे राहतात आणि एकोणतीस, एकतीस बुटके राहतात. जन्मतारीख लिहून ठेवायची रीत नव्हती. गणकाने विचारले की घरचे म्हणत, तीस धरा. पाच-पाच वर्षांचे गट पाडून आयतालेख काढला की सुळके बरेचसे मुरतात, म्हणून गट पाडण्याआधीचे चित्र एकदा तरी पाहावे.

असा सुळका महाराष्ट्रात आजही हाताशी आहे. वर्गातल्या मुलांनी आपल्या गल्लीतल्या साठीपुढच्या माणसांच्या कागदोपत्री जन्मतारखा विचारून आणाव्यात, महिन्यानुसार ताळ्याच्या खुणा कराव्यात आणि बारा स्तंभ काढावेत. जूनचा स्तंभ बहुधा बाकीच्यांच्या पुष्कळ वर जाईल. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख घातली, हे मग त्या आजी-आजोबांकडूनच ऐकावे.