वाशिंदला उतरा

तारीख 16 मार्च 2023. कसारा लोकल टिटवाळा, खडवली मागे टाकून वाशिंदला थांबते आणि तुम्ही, डोंबिवलीचे पासधारक, आज इथे उतरता. मैदानाच्या वाटेवर लाल टोप्या आणि लाल बावटे दिसू लागतात. दिंडोरीहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा कसारा घाट उतरून इथे थांबला आहे. तीन दगडांच्या चुलीवर भात रटरटतो आहे. कळवणकडच्या एक मावशी टाचेवरच्या फोडांना खोबरेल लावत बसल्या आहेत. तुम्ही पाण्याची बाटली पुढे करता. दोन घोट पिऊन त्या विचारतात, "तुमच्याकडं कांदा काय भावानं मिळतो, दादा?"

"पंधरा-वीस."

"आमचा पाचानं गेला. गाडीभाडं, हमाली, तोलाई तुम्हीच वजा करा."

हा लाल कांदा. अंगात पाणी जास्त, कांदाचाळीत टिकत नाही, निघाला की मिळेल त्या भावाला विकावाच लागतो. गेल्याच महिन्यात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचे सगळा खर्च वजा जाता 2 रुपये 49 पैसे उरले आणि हातात 2 रुपयांचा चेक पडला. मावशींना तो किस्सा पाठ आहे.

तिकडे मुंबईत, विधानभवनात, ठाण्याचेच असलेले मुख्यमंत्री एकनाथ शिंदे मोर्चाच्या शिष्टमंडळाशी बोलत आहेत. माजी आमदार जे. पी. गावित, किसान सभेचे अजित नवले आत आहेत. मागणी क्विंटलला 600 रुपये अनुदानाची. मिळतील 350, तेही एका शेतकऱ्याला 200 क्विंटलपर्यंतच. उद्या मोर्चातला एक शेतकरी दगावेल. परवा मोर्चा मागे फिरेल.

तुम्हाला वाटतं, आपण इथे बघायला आलो. पण बोलणी कुठेही होवोत, मंत्रालयात, दिल्लीत की जिनिव्हात, तुमच्या नावाची एक खुर्ची तिथे आधीच मांडलेली असते. ती कशी मांडली गेली ते बघायला मागे जावं लागेल.

नोव्हेंबर 1980. तुम्ही कल्याणच्या फलाटावर उभे आहात आणि नाशिककडची गाडी येत नाही. ऊस आणि कांद्याच्या भावासाठी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रूळ अडवले आहेत. खेरवाडीजवळ गोळीबारात शेतकरी मेल्याची बातमी फलाटावर पोचते. जोशी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संस्थेत नोकरीला होते. ती सोडून ते कोरडवाहू शेती करायला आले. पुढे शेतीव्यापार जगाला खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावावर देश पेटतो, कर्नाटकात नंजुंडस्वामींची रयत संघटना त्याविरुद्ध रस्त्यावर उतरते, आणि जोशी मात्र त्याच्या बाजूने उभे राहतात. कारण हिशेबात आहे. 1986 ते 88 या आधारवर्षांत भारताने आपल्या पिकांना दिलेला आधार मोजला तर तो उणे निघतो. सरकार शेतकऱ्याला देत नव्हतं, त्याच्याकडून घेत होतं. देशातले भाव जगापेक्षा खाली दाबून ठेवले होते, आणि ते दाबले होते तुमच्यासाठी. माझ्या मते शेतीव्यापाराच्या आपल्या सगळ्या चर्चेत याहून महत्त्वाचा आकडा दुसरा नाही.

जुलै 2008, जिनिव्हा. जागतिक व्यापार संघटनेत नऊ दिवस बोलणी चालली आहेत. आयात एकदम वाढली तर गरीब देशांना जकात वाढवू द्यायची का, यावर भारताचे वाणिज्यमंत्री कमलनाथ अडून बसले आहेत. अमेरिका म्हणते, आयात 40 टक्क्यांनी वाढल्याशिवाय नाही. तिच्या शेतकरी संघटनांचं वजन किती? दोनच महिन्यांपूर्वी अमेरिकी संसदेने त्यांच्या अनुदानांचा कायदा खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश यांचा नकाराधिकार मोडून मंजूर केला आहे. 29 तारखेला बोलणी मोडतात. कमलनाथ शेतकऱ्यासाठी लढले, यात मला शंका नाही. पण सगळी झुंज बाहेरून येणाऱ्या मालाची. आपला माल बाहेर जाताना आपलंच सरकार दार लावतं, त्याचं काय? कृषी कराराचं बारावं कलम तिथल्या टेबलावरच आहे. त्यात निर्यातबंदी घालणाऱ्या देशाने आगाऊ लेखी कळवावं आणि आयातदार देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा, एवढंच लिहिलं आहे. ज्याचा माल अडतो त्या शेतकऱ्याबद्दल एक ओळ नाही.

आता पुन्हा पुढे. 8 डिसेंबर 2023, डोंबिवली पूर्व, संध्याकाळ. ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, आणि आजपासून निर्यात बंद. लासलगावचे लिलाव थांबले आहेत, चांदवडला शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला आहे. भाजीवाला तुम्हाला सांगतो, "दोन-चार दिवस थांबा दादा, उतरेल." तुम्हाला हायसं वाटतं. नेमकं हेच हायसं वाटणं दिल्लीने मोजलेलं असतं. 1998 साली महाग कांद्याने दिल्ली राज्याचं सरकार पाडलं, ते कुठलाच पक्ष विसरलेला नाही. तुम्ही मोर्चा काढला नाही, निवेदन दिलं नाही, तरी तुमचं ऐकलं गेलं.

याच पंधरवड्यात कळवण-सटाण्याला उन्हाळ कांद्याची लागण सुरू आहे. बायका ओळीने वाकून रोपं वाफ्यात दाबताहेत. हा कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघेल तेव्हाही दार बंदच असेल. बंदी उठेल 4 मे 2024 ला, 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलरची अट ठेवून. दिंडोरीत मतदानाला तेव्हा जेमतेम सोळा दिवस उरलेले असतील, आणि केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार तिथून हरतील. सप्टेंबरात शुल्क 20 टक्क्यांवर येईल, 1 एप्रिल 2025 ला शून्यावर. पुन्हा कधी लावणार, ते रोप लावणाऱ्याला आधी कळवायचं बंधन ना दिल्लीत आहे, ना जिनिव्हात.