राजवाड्यावरची तारीख

आजी कोर्टाला कधी कोर्ट म्हणाली नाही. "ह्ये राजवाड्यावर गेल्यालं," अशी तिच्या गोष्टीची सुरुवात व्हायची, आणि लहानपणी मला खरंच वाटायचं की आमचे आबा राजाला भेटायला जात असत.

राजा तिथं उरलाच नव्हता. साताऱ्याचा नवा राजवाडा १८४४ च्या सुमारास उभा राहिला, आप्पासाहेब महाराजांच्या कारकिर्दीत. १८४८ मध्ये ते वारले. त्यांचं दत्तकविधान कंपनी सरकारनं मानलं नाही आणि वर्षभरात राज्य खालसा झालं. पुढं त्याच वाड्यात न्यायाधीश बसू लागले. आप्पासाहेबांच्या आधी गादीवर असलेल्या प्रतापसिंह महाराजांना कंपनीनं १८३९ मध्ये पदच्युत केलं, तेव्हा रंगो बापूजी दाद मागायला विलायतेला गेले. चौदा वर्षं खेटे घालून रिकाम्या हातानं परतले. आबांना हे तोंडपाठ होतं. वकिलानं पुढची तारीख सांगितली की ते म्हणत, "रंगो बापूजीला चौदा वर्सं लागली. मला सातच झाल्यात."

दावा होता दोन हात बांधाचा, सख्ख्या चुलतभावाशी. तासगावच्या मुन्सफानं विरुद्ध निकाल दिला आणि आबांनी अपील केलं साताऱ्याला. तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यातच होतं.

तारखेच्या आदल्या दिवशी आजी भाकरी थापायची. ज्वारीच्या चार, वर लसणाची चटणी, मधे कांदा, आणि सगळं धुतल्या धोतराच्या फडक्यात. फडक्याच्या एका टोकाला गाडीभाड्याची गाठ, दुसऱ्या टोकाला कारकुनाची. कारकुनाची गाठ जरा मोठी. वहाणा हातात घेऊन आबा भिलवडी स्टेशन गाठायचे, कारण वहाणा कोर्टात घालायच्या होत्या. किर्लोस्करवाडी, ताकारी, शेणोली, कराड, मसूर करत मीटर गेजची गाडी रखडत वर जायची. पण रेल्वे साताऱ्याला टाळूनच गेलेली. सातारा रोडला उतरायचं आणि पुढं टांगा.

या अंतराची एक नोंद डॉ. आंबेडकरांच्या आठवणींत आहे. राजवाड्यातल्या कोर्टाच्या शेजारीच, जुन्या राजवाड्यात, ते १९०० साली इंग्रजी शाळेत दाखल झाले. दुसऱ्या वर्षी घरातल्या इतर मुलांबरोबर गाडीनं मसूरला निघाले. घरापासून स्टेशन दहा मैल, असं त्यांनी लिहिलंय. मसूरला उतरल्यावर मुलं महार आहेत हे कळलं आणि एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी मुलांनीच हाकायची, या बोलीवर एक जण कबूल झाला. आबांच्या गोष्टीत टांगेवाला कधी 'नाही' म्हणत नाही. हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली.

राजवाड्याच्या आत काय व्हायचं, ते आबांनी फारसं सांगितलंच नाही. पट्टेवाला नावाचा पुकारा करायचा, वकील उठायचे, मुदत पडायची. परत टांगा.

मग बेचाळीस आलं. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा जाऊन तिरंगा लागला. पुढच्या जूनमध्ये शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली. आबांच्या तारखेच्याच वाटेवर. नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव न्यायनिवाडे करू लागलं. एका रात्री आमच्या देवळातही मंडळी बसली. कंदील, दोन अनोळखी पोरं, समोर आबा आणि चुलतआजोबा. वकील नाही, स्टॅम्प नाही. तासाभरात ठरलं, हात हात वाटून घ्या. पहाटे दोघांनी मिळून धोंडा हलवला.

"आता अपील कुठं?" आबांनी विचारलं म्हणे. कुणी हसलं नाही. पायाच्या तळव्यांना पत्री मारल्याच्या गोष्टी तोवर सगळ्यांनी ऐकल्या होत्या. आजी एवढंच म्हणायची, "कोर्टात म्हातारं व्हायाची भीती, हितं रातीची."

१९४९ ला जिल्हा तुटला. संस्थानं आणि तासगावसारखे तालुके मिळून दक्षिण सातारा झाला. त्याचं नाव सांगली पडलं १९६० मध्ये. तारखेसाठी उत्तरेची गाडी धरणारं गाव आता दक्षिणेची धरू लागलं.

आबांनी मात्र कोर्टाची पायरी पुन्हा चढली नाही. साताऱ्याचं अपील तसंच लोंबकळत राहिलं होतं. त्यांच्या पेटीत वकिलाचं एक पोस्टकार्ड सापडलं, कडेला वाळवी लागलेलं. पक्षकार गैरहजर राहिल्याने अपील काढून टाकले, कळावे. फी येणे बाकी.