आर्लबर्गची गाडी

हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी झुरिकच्या स्टेशनावर उभे राहिले, की एखादी पलटण कूच करण्याच्या बेतात आहे असाच भास होतो. जो तो खांद्यावर लांबलचक पट्ट्यांची जोडी घेऊन निघालेला, हातात अवजड बूट लोंबकळत असलेले. माझा भाचा नोकरीनिमित्त तिकडे असतो. त्याची नऊ वर्षांची मुलगी बर्फावरून घसरण्याची विद्या शिकायला ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंतोन या गावी निघाली होती. बर्फावर उभे राहण्याचे माझे वय केव्हाच उलटले. पण आगगाडीच्या खिडकीशी बसण्याचे वय कधी उलटत नाही. मीही निघालो.

प्रवास जेमतेम अडीच तासांचा. आधी झुरिकचे सरोवर, मग कड्यांच्या पायथ्याशी पसरलेले व्हालेनझे. सरहद्दीवरच्या बुक्स स्टेशनात गाडी थांबली आणि उलट दिशेने निघाली. “आजोबा, आपण परत चाललो?” नात घाबरली. मी तिला सांगितले, की आपल्या बोरघाटातही १९२९ पर्यंत गाडीला असेच तोंड फिरवावे लागे. तिला ते फारसे पटलेले दिसले नाही.

ब्लुडेन्झ सोडले की घाट सुरू होतो. आपला बोरघाट सदतीस फुटांना एक फूट चढतो. ही चढण त्याहून खडी, सुमारे बत्तीस फुटांना एक. खाली दरीत घरांची छपरे लहान लहान होत जातात, आणि लांगेनचे स्टेशन गेले की एकदम काळोख. हाच आर्लबर्गचा बोगदा, लांबी दहा किलोमीटरहून अधिक. व्हिएन्नाहून झुरिकला आजही रात्रीची गाडी धावते. तिच्यात निजून जाणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, आणि बोगदा तर कळतही नाही. म्हणून माझे सांगणे, हा रस्ता दिवसाच करावा.

१८८० साली या बोगद्याला सुरुवात झाली, आणि १८८३च्या नोव्हेंबरात दोन्ही बाजूंचे खणणारे एकमेकांना भेटले. ज्याच्या आखणीने हे काम चालले होते तो मुख्य अभियंता युलिउस लॉट त्याच वर्षी मार्चमध्ये वारला होता. पलीकडचा उजेड पाहायला तो राहिला नाही. १८८४च्या सप्टेंबरात गाड्या सुरू झाल्या.

व्हिएन्नाला आनंद झाला; पण डोंगराच्या माथ्याखाली स्टुबेन नावाचे एक खेडे आहे, तिथे काय झाले असेल? खिंड ओलांडणाऱ्या मालाच्या गाड्या, घोडी, मुक्कामाला थांबणारे वाटसरू यांच्यावर ते गाव जगत होते. आता माल आणि माणसे गावाच्या पोटाखालून निघून जाऊ लागली. लोहमार्ग येतो तेव्हा कोणाचे तरी नशीब उघडते हे आपण नेहमी वाचतो. ज्यांचे मिटते त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

याच स्टुबेनमध्ये १८९० साली हान्नेस श्नायडर जन्माला आला. बाप घाटरस्त्याची निगा राखण्याच्या कामावर, म्हणजे ज्या रस्त्याची रहदारी बोगद्याने गिळली त्याच रस्त्यावर. व्हिक्टर झोम नावाचा एक हौशी गृहस्थ पायांना पट्ट्या बांधून बर्फावर फिरताना या पोराने पाहिला, आणि त्याला त्याच एका गोष्टीचे वेड लागले. १९०७ साली बोगद्याच्या पूर्वेकडच्या सांक्ट आंतोनमध्ये पोस्ट हॉटेलच्या कार्ल शुलर या मालकाने त्याला पाहुण्यांचा शिक्षक म्हणून ठेवले. तेव्हा वय अवघे सतरा!

स्की काही श्नायडरने शोधली नाही. त्याच्या आधी माथियास झ्दार्स्की एकच लांब काठी घेऊन उतार उतरायला शिकवीत होता. श्नायडरचे कसब शिकवण्यात. पहिल्या महायुद्धात त्याने डोंगरी पलटणीच्या शिपायांना शिकवले, आणि युद्धानंतर पाहुण्यांनाही तीच शिस्त लावली. शिकाऊंच्या तयारीप्रमाणे इयत्ता पाडल्या. आधी पट्ट्यांची टोके जवळ आणून नांगरासारखा आकार करायचा, वेग ताब्यात ठेवायचा, ते जमले की वळायचे, मग पुढचे. डॉक्टर, कारकून, बायका, मुले, कोणीही आठवड्याभरात उतरू लागे. यालाच जगाने आर्लबर्ग पद्धती म्हटले. आर्नोल्ड फांकच्या चित्रपटांतून श्नायडर घरोघरी पोचला. १९२५ पर्यंत लोहमार्गावर वीज आली. पॅरिसहून निघणारी आर्लबर्ग ओरिएंट एक्सप्रेसही याच बोगद्यातून जाई, ती १९६२ पर्यंत. ज्या रुळांनी बापाचा रस्ता ओस पाडला, ते आता मुलाच्या दारात शिष्यांचे डबेच्या डबे आणून ओतू लागले.

१९२८ साली त्याने आर्नोल्ड लन या इंग्रजाच्या साथीने येथे एक शर्यत सुरू केली. तिचे नाव आर्लबर्ग-कंदहार. आल्प्सच्या बर्फात कंदहार कुठून आले? कानपूरला जन्मलेले सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स अफगाण युद्धानंतर ‘कंदहारचे’ म्हणवले जात. त्यांच्या नावाचा एक चषक स्कीपटूंसाठी होता, तिथून ते नाव चिकटले. आणि लन स्वतः १८८८ साली मद्रासला जन्मलेला! बर्फाच्या या खेळाची सूत्रे जुळवणारा माणूस समुद्रकाठच्या उकाड्यात जन्मावा, ही मला मोठी गंमत वाटते.

गंमत इथे संपते. १९३७च्या डिसेंबरात सांक्ट आंतोनची पहिली झुलती गाडी डोंगरावर चढली, आणि तीनच महिन्यांनी, १९३८च्या मार्चमध्ये, हिटलरने ऑस्ट्रिया गिळली. नात्झींना श्नायडर नको होता. त्याने त्यांच्याशी जुळवून घेतले नव्हते. त्याला अगदी पहिल्याच दिवशी अटक झाली. शर्यत तोंडावर आली होती. लनने ती रद्द केली. ज्याचे घर आहे तो कोठडीत असताना त्याच्या अंगणात खेळायचे कसे?

पुढे श्नायडरला जर्मनीत गार्मिशला नजरकैदेत ठेवले. त्याची सुटका झाली ती हार्वे गिब्सन या अमेरिकन बँकवाल्यामुळे. जर्मनीने ज्या परदेशी बँकांचे पैसे थकवले होते, त्यांच्या अमेरिकन समितीचा हा प्रमुख. त्याचा शब्द बर्लिनमध्ये ऐकला जाई. शिवाय न्यू हॅम्पशायरमधल्या नॉर्थ कॉन्वे या आपल्या गावी त्याने स्कीचा डोंगर उभा केला होता, त्याला गुरू हवा होता. परोपकार आणि धंदा एकाच गाडीतून आले म्हणा. माणूस वाचला हे खरे.

११ फेब्रुवारी १९३९ रोजी श्नायडर बायकोमुलांसह नॉर्थ कॉन्वेच्या स्टेशनावर उतरला. तिकडेही १९३१ पासून बॉस्टनहून स्कीवाल्यांच्या बर्फगाड्या सुटत. शाळेच्या मुलांनी दुतर्फा उभे राहून काठ्या उंचावून कमान केली होती, तिच्याखालून हे कुटुंब गेले. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परक्या डोंगरावर पुन्हा पहिली इयत्ता. मुलगा हर्बर्ट अमेरिकेच्या डोंगरी पलटणीतून इटलीत लढला. श्नायडर १९५५ साली तिथेच वारला.

हे सारे मी सांक्ट आंतोनच्या फलाटावर बसून आठवत होतो. आजचे स्टेशन श्नायडरच्या वेळचे नव्हे. पूर्वी गाव आणि उतार यांच्यामधून रूळ जात. २००१च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी ते २००० साली उचलून गावाच्या दुसऱ्या कडेला नेले.

संध्याकाळी नात आली, गाल लालबुंद. “काय शिकलीस?” मी विचारले. तिने दप्तर माझ्याकडे दिले, फलाटावरच गुडघे वाकवले, पायांची टोके आत वळवली आणि टाचा फाकवून उभी राहिली.

“असं. म्हणजे थांबता येतं,” ती म्हणाली. “वळायचं उद्या आहे.”