पराभूतांच्या जर्सी : केंटकी, १९९२

#थ्रेड

७ एप्रिल १९९२. अमेरिकेतील केंटकी राज्य, लेक्सिंग्टन शहर. रप अरीना या विशाल क्रीडागृहात केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे चाहते जमले होते. चषक जिंकल्याचा उत्सव नव्हता. अवघ्या १० दिवसांपूर्वी हा संघ राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला होता. तोही जादा वेळेत, एका गुणाने, शेवटच्या क्षणी.

समारंभात विद्यापीठाचे क्रीडासंचालक सी. एम. न्यूटन यांनी चार खेळाडूंना छताकडे पाहण्यास सांगितले. तिथे त्या चौघांच्या जर्सी टांगल्या होत्या. रिची फार्मर, डेरॉन फेल्डहाउस, जॉन पेल्फ्री, शॉन वूड्स. त्यांना याची पूर्वकल्पना नव्हती.

या सन्मानाचे वजन समजायला हवे. १९९२ पर्यंत केंटकीने पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली होती : १९४८, १९४९, १९५१, १९५८ आणि १९७८. ज्या छतापाशी विजेत्यांच्या खुणा मिरवायच्या, तिथे हे चौघे गेले. त्यांच्या नावावर राष्ट्रीय विजेतेपद नव्हते. त्यांच्यापैकी एकही जण पुढे एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत खेळला नाही. मग एका पराभवाला एवढा मान का मिळाला?

उत्तराचा धागा चार वर्षे मागे जातो.

१९८८ च्या वसंतात लॉस एंजेलिसमध्ये एक कुरिअरचे पाकीट वाटेत उघडले गेले. पाठवणारे होते केंटकीचे बास्केटबॉल कार्यालय. पत्ता एका होतकरू खेळाडूच्या वडिलांचा. आत १,००० डॉलर रोख असल्याचे उघड झाले. महाविद्यालयीन खेळाडू किंवा त्यांच्या कुटुंबाला पैसे देणे त्या काळी नियमांनुसार सर्वथा वर्ज्य होते. (ज्या सहायक प्रशिक्षकाचे नाव त्यावर होते, त्याने आरोप नाकारला आणि कुरिअर कंपनीवर खटला भरला, तो तडजोडीने मिटला.) पाठोपाठ एका खेळाडूच्या प्रवेशपरीक्षेतील गैरप्रकाराचे प्रकरण पुढे आले.

मे १९८९ मध्ये एनसीएए या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने शिक्षा सुनावली : तीन वर्षे देखरेख, दोन वर्षे हंगामोत्तर स्पर्धांना बंदी, आणि एक वर्ष सामन्यांचे थेट दूरचित्रवाणी प्रक्षेपण बंद. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाने ‘केंटकीची शरम’ अशा अर्थाचा मथळा मुखपृष्ठावर छापला.

ही पहिली नामुष्कीही नव्हती. सट्टेबाजांकडून पैसे घेऊन गुणफरक कमी ठेवल्याच्या १९५१ च्या प्रकरणात केंटकीचे खेळाडू अडकले होते आणि १९५२–५३ चा संपूर्ण हंगाम संघाला गमवावा लागला होता. अडॉल्फ रप हे तेव्हाचे प्रशिक्षक. क्रीडागृहाला नाव त्यांचेच आहे.

केंटकीत बास्केटबॉलचे स्थान काय, हे कळल्याशिवाय या शिक्षेची धग कळणार नाही. राज्यात अव्वल व्यावसायिक स्पर्धेतला एकही संघ नव्हता. लुईव्हिलचा ‘कर्नल्स’ हा संघ १९७६ मध्येच बंद पडला होता. पूर्वेकडच्या कोळशाच्या डोंगराळ पट्ट्यात विद्यापीठाचा सामना घरोघर पोहोचत होता तो रेडिओवरून, कॅवूड लेडफोर्ड यांच्या आवाजात. लेडफोर्ड स्वतः त्याच भागातल्या हार्लनचे. १९५३ पासून ते समालोचन करत होते. थेट प्रक्षेपणावर बंदी आली त्या वर्षी सामना घडत असतानाच अनुभवायचा, तर घरबसल्या लेडफोर्ड हाच एक मार्ग उरला. शिक्षेने चाहत्यांना नकळत पुन्हा रेडिओच्या काळात नेऊन बसवले.

शिक्षेआधीचा १९८८–८९ चा हंगामच १३ विजय आणि १९ पराभव असा संपला होता. विजयांपेक्षा पराभव जास्त, असे केंटकीच्या बाबतीत ६० वर्षांहून अधिक काळ घडले नव्हते. प्रशिक्षक एडी सटन पायउतार झाले. प्रमुख खेळाडू दुसऱ्या विद्यापीठांत गेले. जाणाऱ्यांना दोष देता येत नाही. विशीतल्या खेळाडूची दोन वर्षे म्हणजे अर्धी कारकीर्द.

हे चौघे मात्र थांबले. फार्मर क्ले काउंटीचा, पेल्फ्री पेंट्सव्हिलचा, फेल्डहाउस मेसन काउंटीचा : तिघेही केंटकीच्या लहान गावांतले. फेल्डहाउसचे वडील रप यांच्या हाताखाली याच संघात खेळले होते. चौथा शॉन वूड्स शेजारच्या इंडियाना राज्यातला, इंडियानापोलिस शहरातला.

फार्मरबद्दल एक नोंद इथे करायला हवी. १९८८ च्या राज्यस्तरीय शालेय अंतिम सामन्यात त्याने एकट्याने ५१ गुण केले होते, आणि तरी त्याची शाळा लुईव्हिलच्या बॅलर्ड शाळेकडून हरली होती. म्हणजे राज्यभर त्याचे नाव झाले तेच एका पराभवातून.

नवे प्रशिक्षक रिक पिटिनो न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघाची नोकरी सोडून आले. हाताशी शिष्यवृत्तीवरचे जेमतेम आठ खेळाडू. उंची नाही, म्हणून त्यांनी वेग आणि लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फेकी यांवर भर दिला. प्रतिस्पर्ध्याला पूर्ण मैदानभर घेरायचे, दम घेऊ द्यायचा नाही. पहिल्या वर्षी १४ विजय, १४ पराभव. दुसऱ्या वर्षी २२ विजय, ६ पराभव आणि आपल्या विभागीय संघटनेत सर्वोत्तम कामगिरी. पण बंदीमुळे पुढचे दार बंद. तिसऱ्या वर्षी, १९९१–९२ मध्ये, दार उघडले. चौघांचे ते अखेरचे वर्ष होते.

राष्ट्रीय स्पर्धा बाद पद्धतीची. तेव्हा ६४ संघ, विजेता एक. म्हणजे उरलेल्या ६३ संघांचा हंगाम पराभवानेच संपणार. त्यातले बहुतेक पराभव वर्षभरात विसरले जातात.

२८ मार्च १९९२, फिलाडेल्फियाचे ‘स्पेक्ट्रम’ क्रीडागृह, पूर्व विभागाचा अंतिम सामना. समोर गतविजेते ड्यूक विद्यापीठ. (त्याआधीच्या फेरीत केंटकीने मॅसॅच्युसेट्‌सला हरवले होते. त्या संघाचे तरुण प्रशिक्षक जॉन कॅलिपारी पुढे केंटकीचेच प्रशिक्षक झाले आणि २०१२ मध्ये विजेतेपदही मिळवून गेले.)

केंटकी दुसऱ्या सत्रात १२ गुणांनी मागे पडले होते. पिछाडी भरून निघाली. याच सत्रात ड्यूकचा ख्रिश्चन लेटनर याने खाली पडलेल्या अमिनू टिंबरलेकच्या छातीवर पाय दिला. पंचांनी दंड दिला, पण त्याला बाहेर काढले नाही. केंटकीच्या चाहत्यांनी हा एक निर्णय आजतागायत माफ केलेला नाही, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. लेटनर मैदानात राहिला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

नियमित वेळेअखेर ९३–९३. जादा वेळेत आघाडी हेलकावत राहिली. केंटकीचा सर्वांत गुणवान खेळाडू जमाल मॅशबर्न याने २८ गुण केले होते. अखेरच्या २० सेकंदांत त्याच्यामुळे केंटकी १०१–१०० असे पुढे गेले. लगेच लेटनरला अडवताना त्याचा पाचवा फाउल झाला आणि तो बाहेर गेला. लेटनरने दोन्ही फ्री थ्रो टाकले. ड्यूक १०२, केंटकी १०१.

मग वूड्स. त्याने मधून मुसंडी मारली आणि लेटनरच्या उंच हातांवरून चेंडू फळीवर आदळून जाळीत घातला. केंटकी १०३, ड्यूक १०२. घड्याळात २.१ सेकंद शिल्लक.

यानंतरची फेक अमेरिकेत कित्येक हजार वेळा दाखवली गेली असेल. ग्रँट हिलने आपल्या टोकाच्या रेषेमागून सुमारे ७५ फूट लांब चेंडू फेकला. त्याच्यासमोर अडवायला कोणीच नव्हते. पिटिनो यांनी तो माणूस मागे ठेवला होता. लेटनरच्या अवतीभवती पेल्फ्री आणि फेल्डहाउस होते, पण मॅशबर्न बाहेर गेल्याने उंचीची उणीव होती, आणि फाउल होऊ नये या धास्तीने हात आखडले गेले. लेटनरने चेंडू झेलला, एकदा आपटला, वळला, सोडला. घड्याळ संपले. चेंडू आत. १०४–१०३.

त्या रात्री लेटनरच्या १० पैकी १० फेकी आणि १० पैकी १० फ्री थ्रो यशस्वी झाले. एकही चुकली नाही. पिटिनोंच्या त्या एका निर्णयावर पुढे अमाप चर्चा झाली, परंतु २.१ सेकंदांवर खिळलेली चर्चा बाकीची ४५ मिनिटे झाकून टाकते. ज्या संघाला तीन वर्षांपूर्वी आठ खेळाडू जमवताना नाकी नऊ आले होते, तो गतविजेत्यांना इथवर घेऊन आला होता.

लेडफोर्ड यांचा हा अखेरचा हंगाम होता. केंटकीच्या रेडिओवर ३९ वर्षे बोललेल्या माणसाचे शेवटचे समालोचन या पराभवाचे ठरले. सामन्यानंतर ड्यूकचे प्रशिक्षक माइक क्रिझेव्हस्की आपला जल्लोष सोडून त्यांच्या माइकपाशी आले आणि केंटकीच्या खेळाडूंचे कौतुक करून गेले. डोंगरातल्या घरांत बसलेल्या श्रोत्यांना त्या रात्री सांत्वन मिळाले ते विजेत्याच्या तोंडून. ड्यूकने पुढे मिशिगनला ७१–५१ असे हरवून सलग दुसरे विजेतेपद पटकावले.

आता मूळ प्रश्न. चौघांना ‘अनफर्गेटेबल्स’, म्हणजे अविस्मरणीय, हे नाव पडले. या आठवणीत नेमके काय राखले गेले आणि काय बाजूला पडले?

पहिली वगळलेली व्यक्ती मॅशबर्न. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून आलेला हा खेळाडू त्या संघाचा कणा होता. पण तो दुसऱ्या वर्षात होता. पडत्या काळात थांबण्याची कसोटी त्याच्या वाट्याला आली नव्हती. (त्याची जर्सीही पुढे टांगली गेली, वेगळ्या प्रसंगी.) एप्रिल १९९२ मधला सन्मान गुणवत्तेचा नव्हता, निष्ठेचा होता. ज्या कार्यक्रमाने पैशाने निष्ठा विकत घेण्याचा प्रयत्न केल्याचा ठपका बसला होता, त्याला विकत न घेतलेली निष्ठा दाखवण्याची निकड होती. या चौघांनी ती आयती पुरवली.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. केंटकीच्या इतिहासात आणखी एक गाजलेला पराभव आहे : १९ मार्च १९६६, राष्ट्रीय अंतिम सामना. रप यांच्या संघात सगळे गोरे. समोरच्या टेक्सस वेस्टर्नने पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सुरुवात केली. निकाल ७२–६५, टेक्सस वेस्टर्न विजयी. त्या हरलेल्या संघावरही केंटकीने प्रेम केले होते. पण देशाच्या स्मृतीत तो सामना वंशभेदाच्या भिंतीला गेलेला तडा म्हणून राहिला, आणि केंटकीची जागा भिंतीच्या चुकीच्या बाजूला. त्या पराभवाचा शोक निर्धास्तपणे करता येत नव्हता.

१९९२ च्या पराभवाने तशी मोकळीक दिली. इथे केंटकीवर अन्याय झाला असे म्हणता येत होते, समोर एक खलनायक होता, आणि आपली मुले निष्कलंक होती. ‘आपल्या मातीतली मुले’ ही कथा मात्र तीन जणांनाच लागू पडते. वूड्स कृष्णवर्णीय होता आणि दुसऱ्या राज्यातला होता. शेवटचा बास्केट त्याचा. लेटनरची फेक हुकली असती, तर दर मार्चमध्ये वूड्सचीच फेक दाखवली गेली असती. कथेच्या साच्यात जो सर्वांत कमी बसतो, त्याच्याच हातून केंटकीचे शेवटचे दोन गुण आले, हे लोकप्रिय कथनांत क्वचितच ठळकपणे येते.

त्याने थांबलेल्या निष्ठेची किंमत कमी होत नाही. उलट, घरचे म्हणून थांबलेल्या तिघांपेक्षा बाहेरून येऊन थांबलेल्याचा निर्णय अधिक विचार करायला लावतो.

केंटकीने १९९६ मध्ये पिटिनो यांच्या हाताखाली विजेतेपद मिळवले. १९९८ च्या विभागीय अंतिम सामन्यात पुन्हा ड्यूकच समोर आले. उत्तरार्धात १७ गुणांची पिछाडी भरून काढून केंटकीने ८६–८४ असा सामना जिंकला, आणि पुढे विजेतेपदही. चाहत्यांनी हिशेब चुकता झाल्याचे मानले. तरी १९९८ च्या संघाला १९९२ ची जागा घेता आली नाही.

वूड्स आणि पेल्फ्री प्रशिक्षक झाले. लेडफोर्ड यांचे नाव २००१ मध्ये रप अरीनाच्या कोर्टला देण्यात आले. फार्मर राजकारणात उतरला. २००३ मध्ये तो राज्याचा कृषी आयुक्त म्हणून निवडून आला, २००७ मध्ये पुन्हा. शासकीय साधनांच्या गैरवापराच्या प्रकरणात त्याने २०१३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०१४ मध्ये त्याला २७ महिन्यांची कैद झाली. ३२ क्रमांकाची त्याची जर्सी छतापाशी होती तिथेच राहिली.