मापावर तगलेल्या गाड्या

मुंबईतली शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. ताडदेव आरटीओत तिची नोंद 29 ऑक्टोबर 2003 ची होती आणि टॅक्सीचे आयुष्य नियमाने वीस वर्षांचे. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणे मात्र 2000 च्या सुमारासच थांबले होते. कारखाना थंडावल्यावरही या गाड्या दोन दशके धावल्या, याचे श्रेय सरसकट जुगाडाला दिले जाते. खरे श्रेय प्रमाणित मापांचे आणि ती मापे ओळखणाऱ्या बाजाराचे आहे. पायलट बेअरिंगवरून ते नेमके कळते.

हे बेअरिंग क्रँकच्या मागच्या टोकात, फ्लायव्हीलच्या मध्यावर बसते आणि गिअरबॉक्सच्या क्लच शाफ्टचे टोक तोलून धरते. क्लच लागलेला असताना क्रँक आणि शाफ्ट एकत्रच फिरतात. बेअरिंगला काम पडते ते पेडल दाबल्यावर. म्हणूनच सिग्नलमागून सिग्नल पेडल दाबून उभ्या राहणाऱ्या टॅक्सीत ते लवकर झिजते. ते बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत सुटा भाग गाडीच्या नावाने मागतात. नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग नंबराने मागतात. 6202 म्हटले की आतला व्यास 15 मिलिमीटर, बाहेरचा 35, रुंदी 11. मग ते जयपूरला बनलेले असो वा चिंचवडला. गाडीचे नाव इतिहासजमा झाले तरी नंबर चालूच राहतो, कारण तेच बेअरिंग पंख्यात, पंपात, मोटारीतही लागते.

सगळ्याच गाड्या अशा सोयीच्या नव्हत्या. जनरल मोटर्सने 1928 साली शिवडीला गाड्या जोडणे सुरू केले आणि केवळ जोडणीला सरकारने दारे बंद केल्यावर 1954 मध्ये गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या शेवरोलेंची मापे इंचात होती आणि पायलटच्या जागी बहुधा ब्राँझचा बुश असे. तो लेथवर काढून घेता येई. लेथवर बसणारा टर्नर गिरणगावाला नवा नव्हता. परळचा रेल्वे वर्कशॉप 1879 पासूनचा आणि गिरण्यांना स्वतःचे टर्नर-फिटर लागतच.

कोणी म्हणेल, ही सारी परवाना राजची लाचारी होती. आयात खुली असती तर कोणी लेथकडे वळले नसते. टंचाईने गरज निर्माण झाली, हे खरेच. पण टंचाई साऱ्या देशात होती, आणि गरजेतून कसब आपोआप येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाजारात डुप्लिकेट माल भरपूर, आणि लेथवर काढलेल्या साध्या बुशात तेल मुरवलेल्या सच्छिद्र बुशाचा गुण नसतो. हेही मान्य. मात्र डुप्लिकेट बेअरिंगने वाचवलेले पैसे गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याच्या मजुरीत जातात, हे गॅरेजवाल्याला पुरते ठाऊक असते. तेव्हा हा आक्षेप मालावर आहे, पद्धतीवर नाही.

जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांनी म्हणूनच रंग आणि बिल्ल्यांबरोबर बेअरिंगांचे नंबर आणि बुशांची मापेही नोंदवून ठेवावीत. ती नोंद नसेल तर गाडी शोभेला उरेल, चालणार नाही.