विमा, पोस्टमन आणि तीन मिनिटांची कवायत

उन्हाळ्याच्या सुट्टीतली सकाळ. जपानमधल्या एखाद्या वस्तीतली छोटीशी बाग. झोपाळलेल्या डोळ्यांची मुले एकेक करून जमतात. त्यांच्या गळ्यात दोऱ्याने अडकवलेले एक कार्ड असते. साडेसहाला रेडिओवर पियानो वाजू लागतो आणि मुले, आजी-आजोबा, दुकान उघडण्यापूर्वी डोकावलेला एखादा दुकानदार असे सगळे एकाच तालावर हात वर नेतात. तेरा हालचाली, साधारण तीन मिनिटे. कवायत संपली की मुले कार्डावर हजेरीचा शिक्का मारून घेतात आणि घरी पळतात.

जपानीत याला ‘राजिओ ताइसो’ म्हणजे ‘रेडिओ कवायत’ म्हणतात. १९२८ साली सुरू झालेला हा कार्यक्रम मधला थोडा काळ सोडला तर आजही चालू आहे. सारा देश एकच व्यायाम करतो, हे ऐकायला छान वाटते. पण एवढ्या लोकांनी व्यायाम करावा असे मुळात कोणाला वाटले? कशासाठी वाटले? आणि त्याने आरोग्य सुधारले का? आपल्या शाळेतल्या कवायतीच्या तासाशीही या प्रश्नांचा संबंध आहे, म्हणून ही गोष्ट आपण जरा सविस्तर पाहू.

विम्याचे गणित

गोष्टीची सुरुवात मैदानावर होत नाही, ती विमा कचेरीत होते. विमा उतरवलेला माणूस जितका जास्त जगेल तितके त्याचे हप्ते जास्त येतात आणि त्याच्या वारसांना द्यायची रक्कम तितकी उशिरा द्यावी लागते. म्हणजे ग्राहकाचे आरोग्य हा कंपनीच्या नफ्याचा प्रश्न असतो. हे ओळखून अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९२५ साली न्यूयॉर्कमधून सकाळी रेडिओवर व्यायामाचे धडे सुरू केले.

जपानमध्ये हा प्रश्न सरकारचाच होता. तिथल्या टपालखात्याने १९१६ पासून गोरगरिबांसाठी आयुर्विमा सुरू केला होता. रक्कम लहान, वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि हप्ता गोळा करायला खात्याचा माणूस घरी येई. तपासणी नसल्यामुळे आजारी माणसेही विमा उतरवू शकत. त्या काळी क्षयरोगाने तरुण माणसे मोठ्या संख्येने दगावत होती. १९२१ ते १९२५ या काळात जपानी पुरुषाचे सरासरी आयुर्मान सुमारे ४२ वर्षे आणि स्त्रीचे ४३ वर्षे होते. (याचा अर्थ बहुतेक लोक बेचाळिसाव्या वर्षी मरत असा नाही. बालमृत्यू खूप असले की सरासरी खाली येते. वर्गात हे उदाहरण करून पाहण्यासारखे आहे.)

टपाल विम्याच्या अधिकाऱ्यांनी अमेरिकेत जाऊन तिथला प्रयोग पाहिला आणि तो जपानमध्ये आणायचे ठरवले. निमित्तही मिळाले. नोव्हेंबर १९२८ मध्ये सम्राट हिरोहितोंचा राज्यारोहण सोहळा होता. त्या स्मरणार्थ १ नोव्हेंबर १९२८ रोजी सकाळी सात वाजता टोकियो केंद्रावरून पहिली रेडिओ कवायत झाली. पुढच्या फेब्रुवारीत ती देशभर ऐकू येऊ लागली.

न दिसणारी कवायत शिकवायची कशी?

इथे एक अडचण होती. रेडिओला आवाज आहे, पण त्याला हालचाल दाखवता येत नाही. ‘हात बाजूला, वर, खाली’ एवढे ऐकून कंबर किती वाकवायची ते कसे कळणार? शिवाय जपानमध्ये रेडिओ येऊन तीन-चारच वर्षे झाली होती आणि तो मोजक्याच घरांत होता.

ही अडचण सोडवली पोस्टमननी आणि शिक्षकांनी. टपालखात्याचे जाळे खेडोपाडी पोचलेले होते. हालचालींची चित्रे असलेली पत्रके टपाल कचेऱ्यांतून वाटली गेली. खात्याचे कर्मचारी स्वतः कवायत शिकले आणि त्यांनी ती गावकऱ्यांना शिकवली. शाळांच्या पटांगणांत लोक एकत्र येऊ लागले. म्हणजे नवे तंत्र लोकांपर्यंत पोचले ते जुन्या, माणसांच्या जाळ्यावरून.

१९३० च्या उन्हाळ्यात आणखी एक भर पडली. टोकियोच्या कान्दा भागातल्या एका पोलिसाने सुट्टीतल्या मुलांना सकाळी लवकर उठवून एकत्र कवायत करायला लावली. ही कल्पना भराभर पसरली. सुरुवातीला सांगितलेले मुलांचे दृश्य तिथून आले आहे. कोणत्याही मंत्रालयाच्या आराखड्यात ते नव्हते.

तालावरून हुकुमाकडे

यापुढचा भाग सांगताना मात्र थांबून विचार करावा लागतो. जो कार्यक्रम लोकांना एका वेळी एका जागी जमवतो, तो त्यांच्याकडून आणखीही काही करून घेऊ शकतो. १९३१ पासून जपानची पावले युद्धाकडे पडू लागली, तशी कवायतही बदलत गेली. कवायतीच्या मेळाव्यांना राष्ट्रध्वज आणि राजवाड्याच्या दिशेने वाकून नमस्कार यांची जोड मिळाली. १९३९ साली तिसरा संच आला, त्याचे नावच ‘महाजपान राष्ट्रीय कवायत’ असे होते. कोरिया आणि तैवान या वसाहतींमधल्या मुलांनाही जपानी रेडिओच्या तालावर हातपाय हलवावे लागत. विम्याचा हप्ता भरणाऱ्याचे शरीर आता सैनिकाचे आणि कारखान्यातल्या मजुराचे शरीर म्हणून मोजले जाऊ लागले.

हालचाली फारशा बदलल्या नव्हत्या. हात तसेच वर जात होते, गुडघे तसेच वाकत होते. बदलले होते ते एवढेच, की न येणाऱ्याकडे आता कोण आणि कसे पाहील.

१९४५ साली जपान हरला आणि देशावर दोस्तांच्या लष्कराचा अंमल आला. एका आवाजाच्या हुकुमावर हजारो माणसे एकसारखी हलतात, हे दृश्य नव्या सत्ताधाऱ्यांना लष्करी वाटले. १९४६ मध्ये नवी कवायत रचून पाहण्यात आली, पण ऑगस्ट १९४७ अखेर प्रक्षेपण बंद पडले. मग मे १९५१ मध्ये नवे संगीत आणि नव्या हालचाली घेऊन कवायत परतली. आज बागांमध्ये ऐकू येते ती हीच. आता ती कोणावर सक्तीची नव्हती, तरी लोक आले. सक्ती गेल्यावरही टिकली, ही या कवायतीची खरी परीक्षा होती असे आम्हांला वाटते.

मग आरोग्य सुधारले का?

आज जपानी पुरुषाचे सरासरी आयुर्मान ८१ वर्षांच्या आसपास आणि स्त्रीचे ८७ च्या आसपास आहे. शंभर वर्षांत ते जवळजवळ दुप्पट झाले. रेडिओ कवायतीचा हा परिणाम, असे म्हणायचा मोह होतो. पण याच काळात बालमृत्यू झपाट्याने घटले, क्षयावर औषधे आली, स्वच्छ पाणी आणि पुरेसे अन्न मिळू लागले, १९६१ साली सर्वांसाठी आरोग्यविमा आला. दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही.

व्यायाम आणि आरोग्य यांचा संबंध तपासणे किती अवघड आहे हे लंडनच्या बसगाड्यांनी दाखवून दिले. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वाहतूक कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देत सतत जिना चढउतार करी. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. निष्कर्ष उघड वाटतो. पण मॉरिस तिथे थांबले नाहीत. त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या. चालकांच्या पँटी कमरेला अधिक रुंद होत्या, आणि हा फरक तरुण कर्मचाऱ्यांमध्येही दिसत होता. म्हणजे चालक आणि वाहक ही मुळातच थोडी वेगळी माणसे असू शकत होती. पुढे अनेक देशांतल्या अभ्यासांनी व्यायामाचा फायदा पक्का केला, पण शिंप्याच्या मापाने शिकवलेला धडा विसरू नये. सकाळी साडेसहाला बागेत येणारे आजोबा कवायतीमुळे धडधाकट आहेत, की धडधाकट आहेत म्हणून बागेत येऊ शकतात?

आता थोडे अंकगणित करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि शाळकरी मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे. रेडिओचा कार्यक्रम दहा मिनिटांचा. सातही दिवस चुकवला नाही, तरी ७० मिनिटे होतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तेव्हा केवळ या कवायतीवर भागणार नाही.

तरीही तिचे एक मोल आहे. तिला मैदान, साधने, बूट, पैसा, काहीच लागत नाही. तिच्यात संघनिवड नाही, कोणी ‘राखीव’ नाही, कोणी हरत नाही. १९९९ साली जपानने सर्वांसाठी म्हणून आणखी एक कवायत तयार केली, ती खुर्चीवर बसूनही करता येते. ज्याला उभे राहता येत नाही तोही रांगेत आला.

आपल्या पटांगणात

एखाद्या देशाचे क्रीडाप्रेम मोजताना आपण पदके मोजतो. पण पदके मिळवणारे मूठभर असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते, आणि त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. ही माणसे कधीतरी शाळेत होती. त्यांच्या कवायतीच्या तासाला काय झाले असेल?

आपल्या वर्गात एक साधी नोंद ठेवून पाहता येईल. खेळाच्या तासाला एक आठवडाभर विद्यार्थ्यांनीच दर पाच मिनिटांनी मोजावे की किती जण हलत आहेत, किती जण रांगेत आपल्या पाळीची वाट पाहत आहेत आणि किती जण कडेला बसले आहेत. मुली किती, मुले किती, हेही लिहावे. मग कडेला बसलेल्यांना कारण विचारावे. ओरडून नव्हे, खरोखर जाणून घेण्यासाठी. कोणाला बूट नसतील, कोणाला दम लागत असेल, कोणाला इतर हसतात याची भीती असेल. ती कारणे फळ्यावर लिहा आणि पुढच्या आठवड्याचा तास त्यांच्यापासून सुरू करा.